रुसव्याचे वय

भावना आवरणे हे लहान मुलांचे काम आहे. मोठ्या माणसांच्या मागे शेती, भाऊबंदकी आणि सोसायटीची निवडणूक असल्याने त्यांना त्यासाठी सवड नसते. म्हणून रडणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला एक धपाटा आणि रुसलेल्या पन्नास वर्षांच्या माणसाला पाच जणांचे शिष्टमंडळ, ही विभागणी आमच्या नगर जिल्ह्यात पूर्वापार ठरलेली आहे.

तिसगावकडचे पुंजाराम अशा शिष्टमंडळांचे कायमचे अध्यक्ष होते. नऊ वर्षांत त्यांनी लग्नातले त्रेसष्ट रुसवे मिटवले होते (जावई बावीस, मामा एकोणीस, चुलते अकरा, बाकी किरकोळ). त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. रुसलेल्याशेजारी खाली जमिनीवर बसायचे, कारण उभ्याने बोलल्यास रुसवा चढतो. काय झाले ते विचारायचे आणि मध्ये तोंड न घालता सगळे ऐकायचे. मग त्याचे दुःख त्यालाच हळू आवाजात परत सांगायचे. ‘एवढ्यासाठी?’ असे कुणी म्हटल्यास त्याला शिष्टमंडळातून तत्काळ काढून टाकण्यात येई.

एकाहत्तर सालच्या वैशाखात त्यांच्या पुतणीचे लग्न निघाले. पुंजारामांची सहा वर्षांची लेक छबू करवली होणार होती. नवरीमागे कलश घेऊन कसे उभे राहायचे, याचा सराव ती महिनाभर अंगणात पाण्याचा तांब्या धरून करत होती. ऐन वेळी सरपंच आपल्या नातीला घेऊन आले, आणि सरपंचांना नाही म्हणणार कोण? कलश नातीच्या हातात गेला. छबूने भोकाड पसरले.

“गप! पाव्हन्यांम्होरं रडतीस?” पुंजारामांनी पाठीत धपाटा घातला. “एवढ्यासाठी कुनी रडतं व्हय?”

तेवढ्यात निरोप आला. नवरीचे मामा, कर्जतचे काकासाहेब, फेटा दुसऱ्याला आणि आपल्याला टॉवेल-टोपी मिळाल्यामुळे मांडवामागच्या लिंबाखाली तोंड फिरवून बसले होते. मामाशिवाय नवरी बोहल्यावर जात नाही. मुहूर्ताला वीस मिनिटे उरली होती.

पुंजाराम लिंबाखाली मांडी घालून बसले. काकासाहेबांनी अठ्ठावीस वर्षांतले अपमान क्रमवार सांगितले (आजचा फेटा सातव्या क्रमांकावर होता).

“मन दुखलं तुमचं,” पुंजाराम म्हणाले. “दुखनारच की, पाव्हनं. मान तुमचा हुता, दुसऱ्याला गेला. कुनालाबी रडू यील.”

काकासाहेबांना खरोखरच रडू आले. पुंजारामांनी त्यांची पाठ चोळली आणि आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवून त्यांना बांधला.

छबू मागे नाक ओढत उभी होती. एवढे मऊ बोलणारा बाप तिने आयुष्यात प्रथमच पाहिला आणि तिला मामांचा फार हेवा वाटला. मामा उठताच ती त्यांच्या जागेवर जाऊन बसली आणि तोंड फिरवून म्हणाली, “माजाबी मान गेला. बसा हितं, आबा.”

पुंजाराम बसायला वाकलेसुद्धा. पण तेवढ्यात काकासाहेब थबकले.

“पोरगी माजी नक्कल करतीया! ह्येच शिकवलं व्हय तुमी?” असे म्हणून ते लिंबाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसले.

मुहूर्ताला चार मिनिटे होती. रुसलेले दोन आणि समजूत काढणारा एकच. पुंजारामांनी नियमाप्रमाणे वय पाहिले, छबूला दुसरा धपाटा घातला आणि ते मामांकडे वळले.

लग्न वेळेवर लागले. छबू त्यानंतर कधी कुणासमोर रडली नाही. पोरगी लई समजूतदार झाली, असे पुंजाराम चारचौघांत कौतुकाने सांगत.

आता तिला छबूबाई म्हणतात. ती कुणाची आत्या आहे, कुणाची मावशी. तुमच्या घरच्या पुढल्या लग्नात आहेराच्या साडीचा रंग पाहून ती मांडवामागे जाऊन बसेल. तुम्ही चार माणसे घेऊन धावाल, जमिनीवर बसाल, सगळे ऐकून घ्याल. वाटेत तुमचेच पोर रडत आडवे येईल. त्याला काय म्हणायचे, ते तुम्हाला पाठच आहे.