अर्धा तास पुढे

भैरवी यायला पाच दिवस उरले असताना मधुसूदनरावांच्या गाडीत लाल दिवा लागला. बॅटरीच्या चित्राचा. आधी त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला लाल शेरा बघून दचकायची सवय राहत नाही. पण खामल्याच्या बाजारातून घरी येईपर्यंत बॉनेटखाली पिठाची चक्की सुरू झाल्यासारखा आवाज यायला लागला, आणि फाटकाशी हॉर्न दाबला तर तो आजारी माणसासारखा कण्हला.

गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारे बाबनराव बारापात्रे चौकातच बसत. ते मीटर घेऊन पार्किंगमध्ये आले, दोन टोकं बॅटरीला लावली, गाडी सुरू करायला सांगितली आणि मान हलवली.

"काकाजी, अल्टरनेटर गेला. बॅटरी चार्जच नाही होऊन राहिली. आज-उद्या गाडी रस्त्यात उभी राहीन."

"अठ्ठावीस तारखेला मला एअरपोर्टवर जायचं आहे. मुलगी येऊन राहिली, तीन वर्षांनी."

"नवतपात? मे महिन्यातल्या या नऊ दिवसांच्या आगीत?"

"तिला सुट्टी आताच मिळाली."

"मंग उद्या सकाळी बसवून देतो. दोन तासाचं काम हाये. पहिले बॅटरीचं निगेटिव्ह काढतो, मंग..."

"ते न काढता नाही होणार?"

बाबनरावांनी मीटर गुंडाळता गुंडाळता वर बघितलं. "काहून?"

इथे मधुसूदनराव रुमालानं बॉनेटवरची धूळ पुसायला लागले. आता वाचकांना सांगायला हरकत नाही. बॅटरीची तार काढली की गाडीतलं घड्याळ पुसलं जातं, आणि त्या घड्याळासाठी मधुसूदनराव रोज सकाळी आठ वाजता, कुठेही जायचं नसताना, गाडीत जाऊन बसत होते.

तीन वर्षांपूर्वी कॅनडातल्या सॅस्कटूनला परत निघताना भैरवीनं गंमत म्हणून ते घड्याळ तिकडच्या वेळेवर लावलं होतं. "बाबा, आता गाडीत बसलात की माझी वेळ," म्हणाली होती. सॅस्कटून नागपूरच्या साडेअकरा तास मागे. पण घड्याळ बारा तासांचं, त्यामुळे ते नुसतं अर्धा तास पुढे दिसायचं. गाडीत बसणारा प्रत्येक पाहुणा "घड्याळ पुढे आहे" म्हणून सांगायचा आणि मधुसूदनराव "असू द्या" म्हणायचे. सकाळी आठला ते चावी फिरवायचे, हिरव्या आकड्यांत साडेआठ दिसायचे. म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ. जेवली असेल. भांडी घासत असेल. पाच मिनिटं बसून ते चावी काढायचे. फोन होता, व्हिडिओ कॉल होता, सगळं होतं. पण फोनवर ती घाईत असायची आणि घड्याळात नसायची. ती आली की पहिल्यांदा तिला ते घड्याळ दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तीन वर्षांत कोणालाही हात लावू दिला नाही, एवढंच सांगायचं होतं त्यांना.

"घड्याळ जाईल," ते शेवटी म्हणाले.

"मंग परत लावून घ्या ना."

"ते मुलीनं लावलं आहे."

बाबनरावांनी गुंडाळलेला मीटर पिशवीत टाकला. त्यांचीही एक लेक भिवापूरला दिली होती. पण भिवापूरला एसटी जाते. ते म्हणाले, "काकाजी, माहा बाप उमरेडले माग चालवे. माग थांबवल्याबिगर त्यानं कधी सुताले हात नाही लावला. आमच्या घरात थे चालतच नाही. अल्टरनेटरची जाड वायर सीधी बॅटरीवरून येते, त्यात करंट कायम. पाना जरा कुठं टेकला का भडका. निगेटिव्ह काढीन तरच काम करीन."

"ठीक आहे, काढा," मधुसूदनराव म्हणाले, आणि इतक्या सहज म्हणाले की बाबनरावांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या संध्याकाळी मधुसूदनरावांनी मोबाइलवर अकरा व्हिडिओ बघितले. नवव्यात एक माणूस दुसऱ्या बॅटरीची जोडणी गाडीतल्या चार्जरच्या भोकात देऊन घड्याळ जिवंत ठेवत होता. दुसरी बॅटरी घरात होतीच, इन्व्हर्टरची. तळमजल्यावरचा फ्लॅट, मागच्या खोलीच्या खिडकीखाली इन्व्हर्टर, आणि खिडकीच्या बाहेर हातभर अंतरावर गाडी. देवानंच घर इथे घ्यायला लावलं असावं असं त्यांना वाटलं. सकाळी त्यांच्या पत्नी यमुताई पोळ्या करत असताना त्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून वायर ओढली, खिडकीतून मागच्या काचेच्या फटीत घातली आणि आत पुढे नेऊन खोचली.

मधुसूदनराव बेजबाबदार मुळीच नव्हते. कुठलंही काम लेखी कळवल्याशिवाय करायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'या तारेतून विद्युतप्रवाह चालू आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' खाली सही केली, तारीख घातली, आणि फायलीचा हिरवा टॅग ओवून तो कागद वायरीला बांधला. फक्त तो बांधला वायरीच्या घरातल्या टोकाला, इन्व्हर्टरपाशी, कारण टॅगचा डबा तिथे होता.

नऊ वाजता बाबनराव नवा अल्टरनेटर घेऊन आले. ऊन तेव्हाच चटके देत होतं. त्यांनी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, ते चिंधीत गुंडाळून बाजूला सारलं आणि निर्धास्तपणे जाड वायरीच्या नटाला पाना लावला. मधुसूदनराव मागच्या काचेसमोर पाठ लावून उभे होते.

"काकाजी, सावलीत बसा ना."

"नाही, मी ठीक आहे."

"उन्हात काहून उभे राहून राहिले?"

तेवढ्यात लाइन गेली. या दिवसांत ती जातेच. घर इन्व्हर्टरवर आलं, पंखे पुन्हा फिरू लागले, आणि त्याच क्षणी बाबनरावांचा पाना इंजिनाला टेकला.

फट्ट आवाज झाला. निळी ठिणगी उडाली, पाना उडाला आणि बाबनराव दोन पावलं मागे जाऊन तुळशीच्या कुंडीवर बसले. खिडकीतून इन्व्हर्टरनं एक लांबलचक सूर लावला आणि तो गप्प झाला. घरातले पंखे थांबले. रबर जळाल्याचा वास पार्किंगभर पसरला.

यमुताई हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या. "काय झालं हो?"

बाबनराव आपली दहा बोटं मोजत होते. ती भरली तेव्हा त्यांनी पाना उचलला. त्याच्या तोंडाला उंदरानं कुरतडल्यासारखी खाच पडली होती. मग त्यांनी वायरीचा माग काढला, काचेपर्यंत गेले, खिडकीपर्यंत गेले, आणि वळले.

"काकाजी, मी निगेटिव्ह काढलं होतं."

"हो."

"मंग करंट कुठून आला?"

"मी सूचना लावली होती," मधुसूदनराव म्हणाले.

"कुठं?"

"खिडकीच्या आत."

बाबनरावांनी खिडकीतून डोकावून ती सूचना वाचली. सहीसकट वाचली. "लेकीच्या घड्याळासाठी मले मारता काय?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे मधुसूदनरावांना जास्त लागलं. ते खरोखर शरमले. दुसऱ्याच्या लेकीचा बाप आपल्या हातून जाता जाता राहिला, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी स्वतः वायर ओढून काढली, गुंडाळली, आणि बाबनरावांसमोर ठेवली.

"माफ करा, बाबनराव. आता काहीच जोडलेलं नाही. तुम्ही स्वतः मीटर लावून बघा."

यमुताईंनी पन्ह्याचा तांब्या आणला. बाबनराव दोन पेले प्यायले, मीटर लावून खात्री केली आणि मगच गाडीला हात लावला. पट्टा सैल करून जुना अल्टरनेटर काढला, नव्याशेजारी जमिनीवर ठेवला. पुली सारखी, भोकं सारखी, प्लगची जागा सारखी; हे ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, जणू मधुसूदनरावांवर आता कशाचाच भरवसा उरला नव्हता. मग नवा बसवला, बोल्ट कसले, जाड वायरीवर रबराची टोपी चढवली, पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला आणि सगळ्यात शेवटी निगेटिव्ह जोडलं. उडालेला फ्यूजही बदलला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चक्की बंद झाली होती.

"चौदा पॉइंट दोन व्होल्ट," बाबनरावांनी मीटर दाखवला. "एकदम बढिया."

"छान," मधुसूदनराव म्हणाले. त्यांची नजर घड्याळावर होती. हिरवा एक आणि दोन शून्यं उघडझाप करत होती. सॅस्कटूनमध्ये एक वाजला नव्हता, नागपुरातही नव्हता. तो कुठलाच एक नव्हता.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. उन्हामुळे, असं म्हणाले. यमुताईंनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सवयीनं त्यांचे पाय गाडीकडे वळले. सीट नेहमीसारखी पुढे सरकलेली होती. गाडी धुणारा ओमप्रकाश सीट पुढे ओढतो अशी त्यांची जुनी तक्रार होती आणि ओमप्रकाश ती तीन वर्षं नाकारत होता. सीट मागे घेऊन त्यांनी चावी फिरवली.

साडेआठ.

त्यांनी मनगटावर बघितलं. आठ. पुन्हा घड्याळ. साडेआठ. मग त्यांनी तडक बाबनरावांना फोन लावला.

"बाबनराव, या अल्टरनेटरमध्ये मेमरी असते काय?"

धंद्यातल्या माणसाला ग्राहकाचा आनंद कुठून आला ते विचारायचं नसतं हे कळतं. "चांगल्या कंपनीचा माल हाये काकाजी," बाबनराव म्हणाले. "त्यात काहीही रायते."

पुढचे तीन दिवस मधुसूदनराव भेटेल त्याला त्या अल्टरनेटरची शिफारस करत होते.

अठ्ठावीसला भैरवी बाहेर आली तेव्हा बारीक झाली होती, केस कापले होते, आणि हसली तेव्हा होती तशीच होती. यमुताई आपणहून मागे बसल्या. भैरवी पुढे बसली. मधुसूदनरावांनी चावी फिरवली आणि तिची नजर घड्याळाकडे जायची वाट बघितली.

"बाबा, तुमचं घड्याळ अर्धा तास पुढे आहे," भैरवी म्हणाली. "आई, पिन दे गं."

मागून पिन आली. भैरवीनं आकड्यांच्या खालच्या बारीक भोकात ती दाबून धरली, आकडे फिरून जागेवर आले तशी काढली आणि परत दिली. "झालं. काय गरम आहे हो इथे. एसी वाढवा ना."

मधुसूदनरावांनी एसी वाढवला. तीन वर्षं, एक इन्व्हर्टर, एक पाना आणि बाबनरावांचा जवळजवळ जीव, आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. सहकारनगर ओलांडेपर्यंत ते हाच हिशेब करत होते. मग भैरवी मागे वळून आईला "कैरीचं लोणचं घातलं का," असं विचारायला लागली, आणि त्यांना वाटलं, बरोबरच आहे. ती इथे आहे तर तिची वेळ हीच. त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

अकरा दिवस गेले. कसे गेले ते लिहिण्यासारखं काही नाही. लोणचं खाल्लं गेलं, कूलरपुढे गप्पा झाल्या, बॅगेचं वजन तीनदा केलं. बाराव्या दिवशी संध्याकाळच्या विमानाला तिला सोडून, ती आत गेल्यावरही दीड तास बाहेर रेंगाळून दोघं परत निघाले. आता पुढच्या सीटवर यमुताई होत्या. एअरपोर्टच्या बाहेरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी अंबाड्यातली पिन काढली, चष्मा सारखा केला आणि न चाचपडता घड्याळाच्या भोकात नेऊन टेकवली. तासाचे आकडे उघडझाप करू लागले.

मधुसूदनरावांनी गाडी कडेला घेतली.

"तुला येतं?"

"ही सहावी वेळ," यमुताई म्हणाल्या.

"सहावी?"

"घड्याळ काय त्या दिवशी पहिल्यांदाच पुसलं गेलं होतं? दोघं मिळून रोज चावी फिरवून बसतो, बॅटरी उतरणार नाही तर काय. तुम्ही तर चांगल्या कंपनीचा अल्टरनेटर म्हणून गावभर सांगत होता."

"दोघं?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा मी जाते." त्या समोर बघत होत्या. "तेव्हा ती पण झोपलेली असते. तुमच्या सीटवरून मला आकडे दिसत नाहीत, म्हणून सीट पुढे घ्यावी लागते."

मधुसूदनरावांना ओमप्रकाशची माफी मागायची होती, बाबनरावांची पुन्हा एकदा मागायची होती, आणि शेजारी बसलेल्या बाईची कशाबद्दल मागावी ते कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "थांब. इतक्यात नको लावू. विमान सुटायला अजून अर्धा तास आहे. तोवर ती इथलीच आहे."

यमुताईंनी पिन हातात धरून ठेवली. गाडी चालू होती, एसी चालू होता. चौदा पॉइंट दोन असल्यामुळे बॅटरीची काळजी नव्हती. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी एक विमान डोक्यावरून गेलं. तेच असेल असं दोघांनी धरलं.

"घ्या," यमुताईंनी पिन पुढे केली. "या खेपेला तुम्ही लावा. पाच पंचावन्न."

मधुसूदनरावांनी पिन दाबली. मिनिटं पळू लागली. चाळीस, पन्नास, चोपन्न. त्यांनी बोट काढलं तोवर सत्तावन्न झाली होती.

"मागे कसं घ्यायचं?"

"मागे नाही येत. पूर्ण साठ फिरवून आणावं लागतं."

"म्हणजे वेळ लागेल."

"लागू द्या," यमुताई म्हणाल्या. "घाई कोणाला आहे?"