कार्डांची खंडेनवमी

"कसा असतो रे तो?" आमटी वाढता वाढता लंकाबाईंनी पुन्हा विचारलं.

"मोठा असतो," सावळीराम म्हणाला आणि पुढचं बोलावं लागू नये म्हणून त्यानं घास जरा मोठाच घेतला.

"मोठा म्हणजे केवढा? आपल्या फडताळाएवढा, का रामाच्या रथाएवढा?"

"दोन्हीच्या मधला."

हे उत्तर सावळीरामनं साफ हवेतून काढलं होतं. एकोणीसशे ब्याऐंशी साली तो नाशकात कॉम्प्युटरचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम करत होता, त्यावरची जाडजूड पुस्तकं उशाशी घेऊन झोपत होता, पण खुद्द कॉम्प्युटर त्यानं अजून पाहिलेला नव्हता. त्यांच्या कॉलेजकडे फक्त कार्डांना भोकं पाडायचं यंत्र होतं. कॉम्प्युटर पुण्याला. प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक कार्ड, अशी ती कार्डांची चळत पुण्याला जायची, तिथलं मशीन ती वाचायचं आणि काय उजेड पडला तो छापून आठवड्यानं परत यायचा. मुलगी न बघता साखरपुडा उरकलेल्या नवऱ्यासारखी सावळीरामची स्थिती होती. दिसते कशी, हे सगळे त्यालाच विचारायचे आणि तोही बघितल्यासारखं सांगायचा.

खरं तर या कुतूहलापायीच तो इथे आला होता. देवळ्याच्या बाजार समितीत त्याला कारकुनाची बरी नोकरी होती. तिथून बिनपगारी रजा घेऊन तो शिकायला निघाला तेव्हा सभापती मिशीतल्या मिशीत हसले होते. "यंत्र कांद्याचा भाव सांगणार? अरे, आम्हाला सांगता येत नाय!" सावळीरामनं ते मनाला लावून घेतलं आणि प्रोजेक्टसाठी नेमका कांदाच निवडला. समितीच्या वर्षभराच्या आकड्यांवरून रोजचा सरासरी भाव काढायचा, एवढंच त्याचं काम. पहिल्यांदा पुण्याहून आलं ते सगळं चुकलेलं होतं. दुसऱ्यांदा मशीननं पाऊण पान भाव छापले, मग ते मध्येच थांबलं आणि खाली कसला तरी एक आकडा छापून मोकळं झालं. त्या आकड्याचा अर्थ सांगणारं पुस्तक पुण्यालाच होतं. गायधनी सर म्हणाले, "विचार कर." सावळीरामनं विचार केला, चार-पाच ठिकाणी अंदाजानं बदल केले आणि कार्डं नव्यानं पाडली. आता दसऱ्यानंतरची ही खेप शेवटची. उत्तर आलं तर पास, नाहीतर परत देवळ्याच्या ओट्यावर पावत्या फाडायला. सभापतींचं हसू डोळ्यांपुढे आलं की त्याची झोप उडायची.

लंकाबाई पंचवटीत खाणावळ चालवायच्या आणि मागच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या. शेजारच्या खोलीत सहादू राहायचा, तो एस.टी.त कंडक्टर होता, नाशिक-पुणे गाडीवर. सावळीरामचा कार्डांचा डबा नेण्याचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. शिवाजीनगरला केंजळे नावाचे कॉम्प्युटरचे ऑपरेटर येऊन तो घेऊन जायचे.

खंडेनवमीच्या सकाळी लंकाबाईंनी अंगणात पाट मांडला. खाणावळीचं पोळपाट-लाटणं, विळी, किसणी आधीच येऊन बसली होती. सहादूनं आपला तिकिटांना भोक पाडायचा पंच धुऊनपुसून आणून ठेवला. समोरचा हारुन टेलर दरवर्षीप्रमाणे कात्री घेऊन आला. "मावशी, हिला पण लावा. गेल्या साली गावाला गेलो, राहून गेलं, तर वर्षभर कुरकुरली."

"सावळीराम, तुझं हत्यार कुठंय?"

"माझं हत्यार डोक्यात असतं, मावशी."

लंकाबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. "हे झालं डोक्याचं. आणि तुझ्या त्या मशीनचं काय?"

"कॉम्प्युटरला पूजाबिजा लागत नाही," सावळीराम जरा तोऱ्यातच म्हणाला आणि कॉलेजला निघून गेला. कार्डांचा डबा टेबलावर होता. खोलीला कुलूप घालायची त्या घरात पद्धत नव्हती.

संध्याकाळी येऊन बघतो तर डब्याच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं आणि वर झेंडूचं फूल. झाकणावरच भागलं म्हणून त्याला हायसं वाटलं. त्यानं फूल खिडकीत ठेवलं, डब्याला सुतळी बांधली आणि दसरा झाल्यावर तो सहादूच्या हवाली केला.

दुसऱ्या दिवशी सहादू परत आला तो नेहमीसारखी शीळ घालत आला नाही.

"सावळीराम, त्या केंजळेसायबानं निरोप दिलाय. उद्या सोता या म्हणले."

"का?"

"मशीन बंद पडलंय. तुझीच कार्डं घातली आन् मधीच अडाकलं म्हणत व्हते."

सावळीराम मटकन खाटेवर बसला. ज्या कॉम्प्युटरला अख्खं पुणं भरवत होतं, तो त्याच्या कांद्यानं आजारी पडला होता. लंकाबाई पदराला हात पुसत आल्या. "असं कसं होईल? मी तर सगळं नीट केलं होतं."

"तुम्ही काय केलं होतं?" सावळीरामचा आवाज बारीक झाला.

"पूजा केली. दुसरं काय?"

"झाकणाची?"

"झाकण का हत्यार आहे? हत्यार आतलं. एकेका पत्त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि वर अक्षता."

"एकेका?"

"मग? अर्ध्यांना लावायचं न् अर्ध्यांना नाही, असं करतात का कुठं? प्रत्येकाची भोकं निराळी. म्हटलं, ज्याचं त्याचं काम निराळं असेल. कुंकू सुकं लागेना, तर पाण्यात कालवलं."

"आणि कार्डांचा क्रम, मावशी?"

आता मात्र लंकाबाई दुखावल्या. "चातुर्मासात मी पोथी वाचते. सुटी पानं असतात तिची. आजवर एक पान मागं-पुढं झालेलं नाही. मला क्रम विचारतोस?"

सावळीरामनं डोकं धरलं. ओल्या कुंकवानं एकमेकांना चिकटलेली कार्डं आणि मध्ये तांदूळ! तेवढ्यात सहादूनं खाकरून घसा साफ केला. "आता मावशीनी सांगितलंच हाय तं मी बी सांगून टाकतो. वरचं कार्ड कोरं व्हतं."

"कोरंच असतं ते. खालची खराब होऊ नयेत म्हणून वर ठेवलेलं. मग?"

"संगमनेरला गाडी चहाला थांबली. पाशिंजर मागं लागलं, दाखवा म्हणे कापूटर. म्हणून डबा उघाडला. बघतो तं सगळ्यांना भोकं आन् वरच्याला एक बी नाय. म्हटलं, गडी इसरला. बिनपंचाचं तिकीट आपुन गाडीत चालू देत नाय. हाताला सवय, पंच खिशातच व्हता."

"तुम्ही कार्डाला पंच मारला?"

"एकच," सहादू म्हणाला. "कोपऱ्यात."

सकाळच्या गाडीत सहादूनं त्याला आपल्या शेजारची जागा दिली आणि तिकीट स्वतःच्या पैशानं फाडलं. सिन्नरपासून सावळीराम मनात माफीची वाक्यं जुळवत होता. कुंकवाचं आधी सांगावं का पंचाचं, हे त्याचं नारायणगावापर्यंत ठरेना. मशीन दुरुस्त करायला मुंबईहून माणूस आणावा लागला असेल. कॉलेजचं नाव कायमचं काढून टाकतील. पण इतकी पाचावर धारण बसलेली असतानाही मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं, निदान आता दिसेल तरी. हाकलून द्यायचं म्हटलं तरी दारापर्यंत येऊ द्यावंच लागेल!

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर पाटी होती, 'चपला बाहेर काढा'. सावळीरामनं चपला काढल्या आणि आपसूक त्याचे हात जोडले गेले. ते लक्षात येताच त्यानं ते सोडवले. दार अर्धवट उघडं होतं. आतून थंडगार हवा येत होती. त्यानं मान आत घातली.

आत राखाडी रंगाची लोखंडी कपाटं उभी होती. लंकाबाईंच्या फडताळापेक्षा मोठी, रामाच्या रथापेक्षा लहान. आपण ठोकून दिलं ते खरं निघालं, याचाच त्याला आधी अचंबा वाटला. मग त्याचं लक्ष वर गेलं. सगळ्यात मोठ्या कपाटाला झेंडूचा भलामोठा हार घातलेला होता. त्याच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. कार्डं वाचायच्या यंत्रावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं आणि खाली फरशीवर तांदळाचे दाणे सांडले होते.

"अहो, बाहेर, बाहेर!" एक सडपातळ गृहस्थ धावत आले. त्यांनी सावळीरामला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "तुम्ही नाशिकचे ना? मी केंजळे. तुमच्या सरांना काही सांगितलं नाहीत ना?"

"नाही. पण मला तुम्हाला सांगायचंय, की ते कुंकू..."

"माहीत आहे!" केंजळ्यांनी हात जोडले. "चूक आमची आहे. साहेब दौऱ्यावर जाताना बजावून गेले होते, मशीनजवळ पूजा करायची नाही. पण खंडेनवमी, अहो! राहवत नाही. अक्षता आत पडल्या आणि नेमकी तुमची कार्डं अडकली."

"पण कुंकू तर प्रत्येक कार्डाला..."

"प्रत्येक! तेच तर. रोलर असतात आत. एकाला कुंकू लागलं, ते त्यानं पुढच्याला लावलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. आम्ही सगळं तपासून काढलंय." केंजळ्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. कोपऱ्यात सहादूचा गोल पंच होता. "आणि हे बघा. आतला कुठला तरी स्क्रू निसटून कार्डात घुसला. मशीन साफ झालं, चालू झालं, पण तो स्क्रू काही सापडत नाही."

खरं सांगायला सावळीरामनं तोंड उघडलं होतं, शपथेवर. पण केंजळे पुढे म्हणाले, "साहेब उद्या येतायत. तेवढं कुणाकडे बोलू नका. कार्डं इथेच नव्यानं पाडून घ्या, आणि आजची अख्खी दुपार मशीन तुमचं." सावळीरामनं तोंड मिटलं.

दुपारी त्यानं स्वतःच्या हातानं कार्डं मशीनला दिली. खडखडाट करत ती आत गेली. छापायचं यंत्र कडाडलं आणि भाव उमटू लागले. सावळीराम लहान मुलासारखा वाकून बघत होता. पाऊण पान झालं आणि मशीन थांबलं. खाली तोच आकडा होता.

कुंकू नव्हतं, तांदूळ नव्हता, पंच नव्हता. चूक त्याचीच होती.

केंजळ्यांनी तो आकडा नुसता बघूनच सांगितलं, "शून्यानं भागताय कुठंतरी. या दिवशी काय झालं होतं? आवक शून्य दिसतेय."

सावळीरामनं तारीख बघितली. "काही नाही. अमावस्या होती."

"म्हणजे?"

"अमावस्येला कांद्याचा लिलाव बंद असतो. कुणालाही माहीत आहे."

"मशीनला कुणी सांगितलं?"

सावळीराम हारातल्या त्या कपाटाकडे बघत राहिला. वर्षभराचे सगळे आकडे त्यानं दिले होते, पण बिचाऱ्याला अमावस्या कुणी सांगितलीच नव्हती. आवक शून्य, तरी सरासरी काढ, असा हट्ट सावळीरामच धरून बसला होता. त्यानं एक नवं कार्ड पाडलं: आवक नसेल तर तो दिवस सोडून दे. मग मशीन जे सुटलं ते वर्षअखेरचा भाव छापूनच थांबलं. सावळीरामनं तो लांबलचक कागद छातीशी धरला. त्याला रडू येईल असं वाटलं, पण केंजळे स्क्रू शोधत जमिनीवर ओणवे झाले होते, म्हणून त्यानं आवरलं.

घरी लंकाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. जेवायचं सोडून त्यांनी आधी विचारलं, "कसा असतो रे?"

"फडताळासारखा. जरा मोठा. आणि मावशी, त्याला हार घातला होता. कुंकूसुद्धा लावलं होतं."

"मग? मी काय सांगत होते!" लंकाबाईंचा चेहरा उजळला. मग त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या पूजेनं मशीन बंद पडलं म्हणालास, तेव्हा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. खरं सांग, उपयोग झाला का काही?"

सावळीराम विचारात पडला. त्या अक्षता नसत्या तर मशीन अडलं नसतं. ते अडलं नसतं तर ही खेपसुद्धा अमावस्येवर आपटली असती आणि तो देवळ्याला पावत्या फाडत बसला असता.

"झाला, मावशी," तो म्हणाला. इतकं खरं उत्तर त्यानं त्या घरात प्रथमच दिलं होतं.

सावळीराम पास झाला. तो मावशींच्या पूजेमुळे, ही बातमी कॉलेजात कशी पसरली, हे सहादूलाच ठाऊक. थंडीत पुढच्या खेपेच्या वेळी वर्गातली झाडून सगळी मुलं आपापले डबे घेऊन लंकाबाईंच्या अंगणात हजर झाली. एक डबा गायधनी सरांचाही होता, मात्र तो त्यांनी दुसऱ्याच्या हाती पाठवला होता. सहादू पंच पुसून तयार होता.

लंकाबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं आणि डबे परत मुलांच्या हातात दिले.

"उद्या या रे, बाळांनो. आज अमावस्या आहे."