सरकारमान्य एकाहत्तर

मी कायद्याने वागणारा माणूस आहे, आणि कायदा माझ्याशी नीट वागला नाही तर त्याला वठणीवर आणायचीही माझी तयारी असते. त्यामुळे मोबाइलवर मेमो आला (सुरतेत चलानाला मेमोच म्हणतात) तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही.

मेमोचा मजकूर असा होता : हायवेवर कडोदऱ्याच्या पुढे, उड्डाणपूल उतरल्या उतरल्या, रुंदीकरणाच्या कामामुळे तात्पुरती वेगमर्यादा ताशी चाळीस. आपली गाडी : एकाहत्तर.

एकाहत्तर! खरं सांगतो, आधी ऊर भरून आला. दरवर्षी काठावर पास होणाऱ्या पोराने अचानक डिस्टिंक्शन आणावं, तसं वाटलं. राग नंतर आला.

"भरून टाका," छाया म्हणाली. बायको आहे, त्यामुळे ती सोपा मार्गच सुचवते. "मी शेजारी बसून चाळीस, चाळीस ओरडत होते. तुम्ही रेडिओ मोठा केलात."

"अगं, बोर्ड कसला तो! ड्रमला टेकवलेला पत्रा! आज आहे, उद्या कुणीतरी त्या ड्रममध्ये पाणी भरेल. असल्या बोर्डाला मी कोर्टातसुद्धा बोर्ड म्हणू देणार नाही."

"कोर्टात नंतर जा. आधी गाडी घालवा."

खरं दुखणं ते होतं. सोसायटीने आम्हाला पार्किंगची एकच जागा दिली आहे आणि तिथे आमची म्हातारी गाडी ठाण मांडून बसलेली. छायाची नवी इलेक्ट्रिक स्कूटर गेटबाहेर. तिथल्या कुत्र्यांनी तिची निम्मी सीट खाल्ली होती. उरलेली निम्मी संपायच्या आत त्या जागेवरून एक काहीतरी हलेल, असं छायाने जाहीर केलं होतं. हे म्हणताना ती गाडीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

सुदैवाने गिऱ्हाईक मिळालं होतं. पांडेसऱ्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये मी हिशेब बघतो, तिथलेच डाइंग मास्टर शालिग्रामभाऊ. अमळनेरकडचे. गाडी लोण्यासारखी चालते, असं मी त्यांना महिनाभर इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांनी इंजिन बघायचंच सोडून दिलं. अडचण एवढीच, की मेमो बाकी असेल तर गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

"भरून टाका ना भाऊ," शालिग्रामभाऊही म्हणाले. "कशाला डोकं लावू राहिले?"

"भरायचं कशाला? रद्द करून आणतो! तुम्हीसुद्धा चला, बघा गंमत."

हे शेवटचं वाक्य मी गिळायला हवं होतं.

वाहतूक शाखेत मगनभाई नावाचे जमादार बसले होते. समोर कॉम्प्युटर, बाजूला चहाची बशी. शालिग्रामभाऊ माझ्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

"बेसो, बेसो. शुं तकलीफ छे?"

मी गुजरातीत सुरुवात केली. पण रागात माझं गुजराती मराठीच असतं. "साहेब, तिथे बोर्ड नव्हता! असलाच तर आडवा पडलेला होता! उभा असलाच तर दिसत नव्हता!"

मगनभाईंनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "जुओ."

फोटो इतका स्पष्ट होता की आमच्या लग्नातसुद्धा असा एक निघाला नाही. मधोमध ड्रम. ड्रमवर ताठ उभा चाळीसचा पत्रा. मागून येणारी आमची गाडी. गाडीत मी, आणि शेजारी छाया, पत्र्याकडे बोट दाखवत असलेली!

"बेन तो बतावे छे," मगनभाई म्हणाले.

एक मुद्दा गेला. पण माझ्याकडे दुसरा होता, आणि तो बिनतोड होता.

"मग तुमचं यंत्र चुकलंय! साहेब, ही गाडी एकाहत्तरने पळूच शकत नाही!"

"केम?"

"केम काय? चौथा गिअर नवरात्रापासून पडत नाही! तिसऱ्यात घातली की जुनाट दम्यासारखी खोकते! ब्रेक लागतो, पण एक सिग्नल आधी अर्ज करावा लागतो! डाव्या बाजूचं दार मिलमधल्या नाडीने बांधलंय! पावसात पाणी वरून येतं आणि खालूनही येतं. साहेब, ही गाडी नाही, नंबर प्लेट लावलेली मोरी आहे!"

मला आवाज लागला होता. शेजारच्या टेबलावरचे दोघे कामं सोडून ऐकत होते. मागे भिंतीपाशी कुणीतरी घसा खाकरला आणि तिथे कोण उभं आहे ते मला आठवलं.

मगनभाई गंभीर झाले होते. "तमारी वात साची लागे छे." त्यांनी एक कोरा कागद ओढला. "ब्रेक नथी, गिअर नथी. आवी गाडी रोड पर ना चाले. मेमो पछी जोईशुं. पहेलां गाडी जमा करावो, तपासणी थशे."

"जमा?" मी खुर्चीतून उठलो. "छे, छे, साहेब! गाडी फर्स्ट क्लास आहे! एकाहत्तर काय घेऊन बसलात, त्या दिवशी मीच हात राखून चालवली, नाहीतर नव्वद आरामात! ब्रेक तर असा, की डोकं काचेवर आपटतं!"

"तो एकोतेर कबूल?"

"कबूल! अभिमानाने कबूल!"

"तो भरो."

भरले. मगनभाईंनी पावती दिली, वर चहाही पाजला. चहा चांगला होता, एवढं नोंदवून ठेवतो.

बाहेर आल्यावर शालिग्रामभाऊ बराच वेळ गाडीभोवती फिरले. डाव्या दाराची नाडी त्यांनी बोटाने जरा ओढून बघितली. नाडी त्यांच्याच खात्यातली होती.

"मेमो भरला," मी म्हणालो. "आता नावावर करायला काही हरकत नाही."

"एक सांगू का भाऊ?" शालिग्रामभाऊ म्हणाले. "तुमच्या लोण्यावर माझा इश्वास नव्हता. पण मेमो आला ना, त्या दिशी मी घरी सांगून टाकलं, गाडी घ्यायची. एकाहत्तर पळते म्हणून सरकारनं लिहून दिलं, अजून काय पाहिजे? म्हणून तर म्हणू राहिलो होतो, भरून टाका."

"मग घ्या की!"

"आता कशी घेऊ? साहेबापुढं एवढं मन लावून बोलले तुम्ही. लोण्याच्या टायमाला असं बोलले नव्हते."

गाडी सुरू होईना. त्यांनी धक्का मारला, आणि ती सुरू झाल्यावर रिक्षाने गेले.

स्कूटरच्या सीटचा आता फक्त पुढचा कोपरा शिल्लक आहे. छाया तेवढ्यावर बसून ऑफिसला जाते आणि घरी आल्यावर बोलत नाही. मी सोसायटीच्या फळ्यावर जाहिरात लावली आहे : "गाडी विकणे आहे. वेग ताशी एकाहत्तर, सरकारमान्य. पावती पाहायला मिळेल."

काल एक फोन आला. माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पावतीची तारीखसुद्धा विचारली. मग म्हणाला, "एकाहत्तर सपाट रस्त्यावर, की पूल उतरताना?"

मी म्हटलं, राँग नंबर.