एंजलची पिल्लं आणि फटिकबाबूंचा तबला

अंडी पुन्हा नाहीशी झाली, आणि या खेपेला अनादी नियोगींनी आळ घेतला तो तबल्यावर.

सकाळी काचेच्या टाकीतल्या रुंद हिरव्या पानावर अंडी होती. मोहरीहूनही बारीक, पण कुणी हाताने लावावीत तशी ओळीने चिकटलेली. एंजल माशांची जोडी त्यांना परांनी वारा घालत होती. संध्याकाळी त्याच खोलीत त्यांच्या बायकोचा, म्हणजे सगळ्यांच्या काजोरीबौदींचा, गाण्याचा वर्ग भरला. फटिकबाबूंनी तबला वाजवला, मुली गायल्या, वर्ग सुटला. अनादीबाबू टाकीपाशी गेले, तर पान स्वच्छ! जोडी शांतपणे फिरत होती, पंगतीतून उठलेल्या पाहुण्यांसारखी.

"खाल्ली! पोटची अंडी खाल्ली!"

"मागच्या खेपेलाही खाल्लीच होती," पेटीचा भाता लावत काजोरीबौदी म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही फिल्टरला शिव्या घातल्यात."

"तेव्हा कळलं नव्हतं. गॅलिफ स्ट्रीटच्या माशांच्या बाजारातला माणूस म्हणाला, एंजल दचकली की अंडी गिळते. आता सांग, या खोलीत दचकण्यासारखं काय आहे?"

फटिकबाबू तबल्यावर गवसणी चढवत होते, ते थांबले. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही हो. तुमच्या डाव्या हातामुळे. तो डग्गा असा घुमतो की आवाज काचेतून थेट पाण्यात शिरतो."

ही तक्रार समजावी की दाद, हे फटिकबाबूंना ठरवता येईना. त्यांनी नमस्कार केला आणि ते गेले.

ताग कंपनीच्या कचेरीत अनादीबाबूंचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर दमदमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर चुका करायला बायकोशिवाय कुणी नव्हतं, आणि ती फारशा करत नसे. म्हणून त्यांनी मासे आणले, असं आमच्या इमारतीत म्हणत. काजोरीबौदींचा वर्ग मात्र त्यांच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालेला. आळीतल्या निम्म्या पोरींनी पहिला सा त्याच खोलीत लावला होता, आणि त्यातल्या कितीजणी आता आपल्या पोरींना बोटाला धरून घेऊन येत.

तो वर्ग तळमजल्यावर हाशीदींकडे हलवावा, असं पुढच्या वर्गाच्या वेळी अनादीबाबूंनी सुचवलं. हाशीदींचा मुलगा बंगळूरला गेल्यापासून त्यांची पुढची खोली रिकामीच होती.

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

"म्हणजे किती?"

"पिल्लं मोठी होईपर्यंत."

"अहो, अजून अंडीसुद्धा नाहीत."

"मग तयारी आधी नको करायला?"

काजोरीबौदींनी पेटीचं एक टोक उचललं. दुसरं फटिकबाबूंनी उचललं. अनादीबाबूंनी दार धरलं. "हळू हं," ते म्हणाले, "चौकटीला लागलं तर पाणी हलेल."

पुढची अंडी आली तेव्हा घरात टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता होती. अनादीबाबू टाकीसमोर वेताच्या खुर्चीत पहारा देत होते. दुपारी डोळा लागला, उघडला, तेव्हा नर पानावरची शेवटची ओळ निवांतपणे टिपत होता आणि मादी बाजूला उभी राहून पाहत होती. कसला आवाज नाही, धक्का नाही, काही नाही.

"हा कंस आहे, कंस!" अनादीबाबू ओरडले.

काजोरीबौदी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "तबला तर नव्हता," एवढंच म्हणाल्या.

"हा जन्मजातच असा आहे."

"आणि ती?"

"ती त्याला सामील आहे."

मग मात्र त्यांनी कामाला हात घातला. पुढच्या खेपेला अंडी दिसताच त्यांनी ते पानच कापून वेगळ्या छोट्या टाकीत ठेवलं, बुरशी लागू नये म्हणून पाण्यात निळं औषध घातलं आणि हवेची नळी सोडली. मोठी टाकी पिल्लांना पुढे लागणार होतीच, आणि कंसाला घरात ठेवून गोकुळ वसवायचं कसं? हाशीदींच्या मुलाची एक जुनी टाकी खाली पडून होती. पाणी शेवाळून हिरवंगार झालेलं, आत दोन गोगलगायी आणि कसल्या तरी वेली. "त्यांना तेच योग्य आहे," अनादीबाबू म्हणाले. काजोरीबौदी वर्गाला खाली चाललेल्याच होत्या. जोडी त्यांनी बादलीतून नेली.

आणि वर अंडी फुटली.

आधी पानाला लटकलेल्या, पापणीच्या केसाएवढ्या शेपट्या, नुसत्या वळवळणाऱ्या. मग एके सकाळी ते केस सुटून पोहायला लागले. अनादीबाबूंचा चष्मा काचेला टेकला होता आणि धुकं कशावर आलंय, चष्म्यावर की काचेवर, ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी सिलिगुडीला मुलीला फोन लावला. "पोहायला लागली!" ती घाबरून म्हणाली, "कोण, आई?"

त्या दिवसापासून घरात राज्य पिल्लांचं. डासांची उदबत्ती बंद, कारण धूर पाण्यात उतरतो. फिनाइल बंद. पंखा बंद, कारण वाऱ्याने पाणी गार पडतं. बाहेर जेठ महिना माणसं भाजत होता. मोहरीच्या तेलाची फोडणी बंद, कारण पाण्यावर तवंग येतो.

"मासे जगावेत म्हणून या घरात मासे तळायचे नाहीत?" काजोरीबौदींनी विचारलं.

"उकडून खा की."

संध्याकाळचा शंख वाजवायला त्यांना गच्चीवर जावं लागे. बोलायचं तर हळू, चालायचं तर चवड्यावर. त्यांनी तोंड उघडलं की अनादीबाबूंचं बोट आधी ओठांवर जाई: "श्श!" सुरुवातीला त्या चिडत, मग हसत. पुढेपुढे त्यांना खाली वर्गावर जास्त वेळ लागायला लागला. मुली गेल्या तरी त्या हाशीदींकडे चहाला थांबत. अनादीबाबूंना ते सोयीचंच वाटलं.

पिल्लांना खायला जिवंत सूक्ष्म कोळंबी लागते. तिची अंडी मिठाच्या पाण्यात घालून, बाटलीत हवा सोडून ती रोज ताजी उबवावी लागते. ताजी गाळली की पाणी कसं गुलाबी-केशरी दिसतं. त्या दिवशी सकाळी अनादीबाबू दिवसभराचा तो खुराक काचेच्या जगमध्ये काढत असतानाच काजोरीबौदी बाजारातून आल्या.

"अहो, खाली दरवान सांगत होता, आज गच्चीवरच्या टाकीत—"

"श्श!"

त्यांनी ओठ मिटले, भाजी ठेवली, आणि बारासातला बहिणीकडे जायचं होतं म्हणून साडी बदलून निघून गेल्या.

दुपारी त्यांचा भाऊ बुबाई आंब्याची करंडी घेऊन आला. उन्हाने तो लालबुंद झाला होता. अनादीबाबू टाकीपाशी भिंग लावून बसले होते. त्यांनी मान न वळवता, बोटानेच त्याला बसायला सांगितलं. बुबाई पंख्याचं बटण शोधायला गेला, तर त्यावर चिकटपट्टी. मग तो स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळाने तोंड पुसत बाहेर आला.

"जामाईबाबू, दीदीचा हात आज जरा खारट पडलाय."

"कशात?"

"कैरीच्या सरबतात. फ्रिजवर होतं ते. पण उन्हातून आल्यावर खारट बरंच की. सगळं संपवलं."

अनादीबाबू उठले. जग रिकामा होता. तळाशी एक केशरी थेंब तेवढा उरला होता.

"बुबाई," ते हळूच म्हणाले, "ती जिवंत होती."

बुबाईने पोटावर हात ठेवला. मग पुढे काही न विचारता तो जिना उतरला.

पिल्लं सकाळपासून उपाशी आणि नवी कोळंबी उबायला दुसरा दिवस उजाडणार. बाजारातल्या माणसाने कधीतरी सांगितलं होतं, अडल्यावेळी उकडलेल्या अंड्याचं पिवळं चिमूटभर विरघळवून घालावं. अनादीबाबूंनी अंडं उकडलं. चिमूट घातली. पिल्लं तुटून पडली. अनादीबाबूंचा ऊर भरून आला. आणखी एक चिमूट घातली. मग वाटलं, इतकी उपाशी लेकरं, त्यांना काय हात आखडायचा? सगळं पिवळं गेलं.

तासाभरात पाणी ताकासारखं झालं. पिल्लं दिसेनाशी झाली. अनादीबाबू घाबरले. थोडं पाणी काढून थोडं नवं घालतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला थोडंथोडं काही करता येत नाही. त्यांनी चहाच्या गाळणीने पिल्लं पेल्यात घेतली, टाकी रिकामी केली, घासली आणि नळ सोडून काठोकाठ भरली. पाणी असं लखलखीत, की पिल्लू न् पिल्लू मोजून घ्यावं. समाधानाने त्यांनी पेला त्यात उपडा केला.

काजोरीबौदी दिवेलागणीला परत आल्या तेव्हा ते खुर्चीत बसले होते. टाकीच्या तळाशी पांढरी धूळ पसरल्यासारखं काहीतरी होतं. त्या जवळ गेल्या, वाकल्या आणि त्यांनी वास घेतला.

"नळाचं भरलंत?"

"हो."

"गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आज ब्लीचिंग पावडर टाकली होती. तेच सांगायला आले होते सकाळी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही श्श म्हणालात."

"श्श म्हटलं म्हणून गप्प बसायचं?"

"मग श्शचा दुसरा अर्थ काय असतो?"

काजोरीबौदींनी पंख्यावरची चिकटपट्टी काढली, पंखा लावला आणि त्यांच्यासाठी भात वाढला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अनादीबाबूंना जेवताना सारखं वाटत राहिलं.

दोन-चार दिवसांनी अनादीबाबूंनी विषय काढला. "आता वर्ग वर आणायला हरकत नाही."

"बघू," त्या म्हणाल्या.

पाऊस सुरू झाला, चांगला रुळला, तरी त्या 'बघू'चं काही झालं नाही. अनादीबाबूंनी टाकी धुऊन माळ्यावर टाकली. आता घरात माशांचा रस्सा शिजत होता, शंख घरातच वाजत होता, आणि संध्याकाळ झाली की त्या खोलीत ते आणि वेताची खुर्ची एवढेच उरत होते. एके दिवशी छत्री शोधायचं निमित्त काढून ते खाली गेले.

हाशीदींच्या दाराशी चिमुकल्या चपलांचा ढीग होता. आत मुली रांगेने बसून गात होत्या, फटिकबाबूंचा डावा हात रंगात आला होता. आणि तबल्यापासून हातभर अंतरावर, स्टुलावर, ती हिरवी टाकी. अनादीबाबूंनी चष्मा पुसला. शेवाळी पाण्यात कंस पर ताणून उभा होता आणि त्याच्याभोवती पिल्लांचा ढग तरंगत होता. चांगली नखाएवढी, पर फुटलेली. एक पिल्लू बाजूला भटकलं तसं त्याने ते तोंडात धरलं. कंसाने ते परत आणून अलगद ढगात सोडलं.

गाणं संपेपर्यंत ते दारातच उभे राहिले. मुली गेल्यावर त्यांनी विचारलं, "हाशीदी, यांना खायला काय घालता?"

"मी कशाला काय घालू?" हाशीदी पानाला चुना लावत म्हणाल्या. "मला आधी वाटलं, डासांच्या अळ्या झाल्या. रॉकेल ओतणार होते, काजोरीने हात धरला. आणि अनादीबाबू, पहिल्यांदा इथेही खाल्लीच त्यांनी अंडी. दुसऱ्यांदाही. मी कुठे टक लावून बसते? मग कधीतरी जमलं असेल त्यांचं त्यांना."

अनादीबाबू बायकोकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही खाली आला असतात," पेटी पुसत काजोरीबौदी म्हणाल्या. "मग पहिल्यांदा पंखा बंद झाला असता, मग तबला, मग हाशीदींचं पान."

फटिकबाबू फारच लक्षपूर्वक तबल्याची हातोडी पिशवीत ठेवायला लागले.

"मी खरंच सांगतो, वर्ग वर आण," अनादीबाबू म्हणाले. "मासे राहू देत इथेच. खोली रिकामी आहे. मी मध्ये येणार नाही."

काजोरीबौदींनी पेटीवर कापड घातलं. मग म्हणाल्या, "परवा वर एकटीच गायला बसले होते. आवाज निघेना. तुम्ही घरात नव्हतात, तरी मी हळू गात होते." त्या जराशा हसल्या. "इथे नाही तसं होत. राहू द्या वर्ग इथेच."

अनादीबाबूंनी मान हलवली. बाहेर जायला वळले, चपलेत पाय घातला, परत काढला.

"मग मी आलो तर चालेल? संध्याकाळी?"

"मासे बघायला?"

जन्मभर दुसऱ्यांची चूक चटकन सापडणाऱ्या माणसाला या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बराच वेळ लागला.

"गाणं ऐकायला," ते शेवटी म्हणाले. आणि मग, खोटं बोलवेना म्हणून, "मासेही बघेन."

"मागे बसा," काजोरीबौदी म्हणाल्या, "आणि कुठल्या मुलीचा सूर चुकला, तर तो तिचा तिला सापडू द्या."