विंगेतला मेजर

दिगंबर साठ्यांचं डोकं फिरलं होतं. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या शाळेचं ऑडिटोरियम खचाखच भरलेलं, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं नाटक सुरू व्हायची वेळ आलेली, आणि मेजरचं काम करणाऱ्या प्रसादचा आवाज पार बसलेला!

"पार्किंग लॉटमध्ये मोरया मोरया करून बोंबलायला कुणी सांगितलं होतं तुला?"

प्रसादने तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली.

"कॅन्सल करू या का?" नायिका झालेल्या रेणूने भीत भीत विचारलं.

"कॅन्सल? मग तीन महिने माझ्या बेसमेंटमध्ये काय चिवडा संपवायला जमत होतात?"

खरं तर मेजरचा शब्दन् शब्द दिगंबररावांना पाठ होता. आवाजही खणखणीत. पण उंची बेताची, पोट सुटलेलं. म्हणून मंडळाने त्यांना दरवर्षी दिग्दर्शकच केलं. आयुष्यात एकदा आपल्या कामाला टाळ्या पडाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती कुणी कधी विचारली नव्हती. याचाही त्यांना रागच होता.

त्यांच्या शेजारी राहणारा म्हातारा एत्तोरे मात्र शांतपणे वडा खात होता. हा मूळचा रोमचा. तरुणपणी सिनेमात हिरो व्हायला गेला, पण बुटका म्हणून दोनदा फक्त मरायचं काम मिळालं, तेही दुसऱ्याच्या आवाजात. मग हयातभर काळोख्या स्टुडिओत बसून त्याने उंचापुऱ्या अमेरिकन काउबॉयना इटालियन आवाज दिला. आता तो इथे मुलीकडे राहायचा आणि चिवड्याच्या लोभाने तालमींना यायचा.

"त्याला ओठ हलवू दे. तू विंगेतून बोल," तो म्हणाला. "पण सांगून ठेवतो, नंतर राग येईल."

"मला? राग?" दिगंबरराव गरजले.

पडदा वर गेला. विंगेतल्या माइकवर दिगंबरराव बोलत होते, प्रसाद ओठ हलवत होता आणि लोक वाक्यावाक्याला टाळ्या देत होते. मध्यंतरात त्यांच्या पत्नी सुमित्राकाकू चहा घेऊन आत आल्या.

"अहो, प्रसादचा आवाज काय भारदस्त आहे हो! नाहीतर तुम्ही. घरात नुसते खेकसता."

पंचवीस वर्षांचा संसार! दिगंबररावांनी चहा न पिताच खाली ठेवला. काकू गेल्यावर एत्तोरे म्हणाला, "रोममध्ये मी कॉफी मागितली की लोक वळून बघायचे. मग माझ्यामागे कोण उंच माणूस उभा आहे, ते शोधायचे."

"आणि तुला राग नाही यायचा?"

"अजून येतो."

नाटक संपलं. अध्यक्ष मनोहरपंतांनी उत्कृष्ट अभिनयाची ट्रॉफी प्रसादच्या हातात ठेवली आणि वर "दोन शब्द बोल" म्हणाले. प्रसादने घाबरून विंगेकडे पाहिलं. दिगंबररावांनी माइक उचलला. आता मात्र ते कुणाच्या बापाला ऐकणार नव्हते.

"मंडळी, यात माझं काहीही नाही! हा आवाज, हा अभिनय, सगळं दिगंबर साठ्यांचं आहे. मी गाढव नुसते ओठ हलवत होतो!"

प्रसादने इमानदारीत ओठ हलवले. सवयीने छातीवर हातही ठेवला.

मग अख्खं ऑडिटोरियम उभं राहिलं. टाळ्या काही थांबेनात. पहिल्या रांगेतून डोळे पुसत सुमित्राकाकू मोठ्यांदा म्हणाल्या, "किती नम्र पोरगा! आमच्या ह्यांनी शिकावं काहीतरी!"

त्यावर दिगंबरराव जे काही बोलले, ते नेपरव्हिलमध्ये कुणालाच ऐकू गेलं नाही. एत्तोरेने माइक आधीच बंद केला होता.