बप्पांची जपानी सोयरीक

आमच्या येरमाळ्याच्या विश्वनाथ बप्पांनी या वयात एका कोल्हिणीला मागणी घातली होती, असं म्हटलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण मी शेजारी राहणारा शाळामास्तर आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत घातलेली आहे.

कोल्हीण जपानी होती आणि बप्पांच्या मोबाइलमध्ये राहायची. बप्पांचा सगळा जन्म शेतीपेक्षा सोयरिकी जमवण्यात गेला. कुठल्या गावात लग्नाचा पोरगा आहे, त्याची आत्या कुठं दिलीय, सगळं त्यांना तोंडपाठ. काहीही विचारा, उत्तर एकच, "बैठकीत बोलू." गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फिरणं बंद पडलं, तसे ते घरातल्या मांजरालाही बोल लावू लागले. तेव्हा त्यांच्या लेकीनं, सुवर्णानं, मोबाइलवर हा गेम टाकून दिला. काकू जाऊन बरीच वर्षं झालीत. घरात बापलेक दोघंच.

गेम असा, की एक तरणा गडी तलवार घेऊन जपानातल्या एका खेड्यात येतो. दिवसा राक्षस मारायचे, संध्याकाळी गावातल्या मुलींशी बोलायचं, त्यांना भेटी द्यायच्या आणि बर्फ पडायच्या आत एकीचं मन जिंकून लग्न करायचं. मुलीही एकेक नमुना. एक भुतांशी गप्पा मारते, एक रागावली की तिच्या केसांना पानं फुटतात, आणि दारू गाळणाऱ्याची मुलगी रात्री कोल्हीण होते. मजकूर इंग्रजीत, म्हणून रोज संध्याकाळी सुवर्णा शेजारी बसून मराठीत सांगायची.

बप्पांना कोल्हीणच पसंत पडली. मी म्हटलं, बप्पा, अहो ती रात्रीची जनावर होते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "व्हईना का. घराणं चांगलंय."

आणि त्यांनी काय करावं? गडी सरळ तिच्या बापाकडं नेला. राक्षस मारून मिळालेले मासे बापाला, तांदूळ बापाला, रेशमी कापडसुद्धा बापाला. पोरगी अंगणात उभी असायची, तिच्याकडं बप्पा बघायचेही नाहीत. परक्या पोरीशी तोंड वर करून बोलणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. पोरीचा म्हातारा बाप इतका खूश झाला, की त्यानं आपली वडिलोपार्जित तलवार गड्याला देऊन टाकली आणि त्याच्या गळ्यात पडून रडला. तेवढ्यात बर्फ पडला. कोल्हिणीनं मासे धरणाऱ्या एका कोळ्याशी लग्न लावलं.

बप्पा चिडले. शब्द फिरवणारी माणसं म्हणून त्यांनी अख्ख्या जपानाला नावं ठेवली. सुवर्णा हसून हसून बेजार. ती म्हणाली, बप्पा, तिला तुमचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तिला विचारल्याशिवाय तिचं मन कसं कळणार? बप्पांनी डाव पुन्हा मांडला आणि पुन्हा बापाकडंच गेले. दर खेपेला बर्फ पडायचा आणि गडी बिनलग्नाचा राहायचा.

त्याच दिवसांत सुवर्णाला तेरखेड्याचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, स्वभावानं गरीब, दोघांनी एकमेकांना पाहिलेलं. बाकी सगळं बप्पांनी मुलाच्या वडिलांशी परस्पर ठरवलं. लेकीला एका शब्दानं विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. मला ते खटकत होतं. लग्नानंतर बप्पांचं कसं व्हायचं, हे तर कुणीच काढत नव्हतं.

सुपारी फोडायच्या दिवशी पाहुणे मुलाला घेऊन आले. मी बप्पांच्या शेजारीच बसलो होतो. देणंघेणं काही नव्हतंच, मानपानाचं बोलून झालं. सुपारी मांडली, बप्पांनी बत्ता हातात घेतला आणि उचललेला हात तसाच ठेवला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "सुवर्णे, भाईर ये."

सुवर्णा दारात आली. भरल्या बैठकीत बप्पा लेकीला म्हणाले, "म्या ह्यास्नी शब्द दिलाय. पर तुझ्या मनात न्हाय, तर आत्ताच सांग. सुपारी उचलून ठेवतो. तुला कुणी काय बोलणार न्हाय."

पाहुण्यांचे चहाचे कप हातातच राहिले. मुलाच्या मामांनी तर उठायची तयारी केली. आयुष्यभर बापाबापांत लग्नं ठरवलेला माणूस, आणि स्वतःच्या लेकीच्या बैठकीत हे विचारतो! मला मात्र बप्पांचा फार अभिमान वाटला.

सुवर्णानं एकदा मुलाकडं पाहिलं, मग खाली. "मला पसंत हाय, बप्पा," ती म्हणाली.

बप्पा बराच वेळ मान हलवत राहिले. पहिला घाव चुकला, सुपारी घरंगळत पाहुण्यांच्या पायाशी गेली. मी ती आणून दिली. दुसऱ्या घावाला फुटली.

पाहुणे गेले. सुवर्णा आत भांडी आवरत होती. मी बप्पांजवळ बसलो आणि म्हटलं, बप्पा, आज तुम्ही गावाला नवी रीत घालून दिलीत.

बप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रीत कशाची, मास्तर," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, न्हाय म्हणंल."