रखमाजी पानसंबळ लीगकर हे युनियनकरांचे घरी कैसे रुजले, त्याचे वर्तमान

श्रीगजानन प्रसन्न असो, कुलदेवी पाठीशी असो, आणि ज्या थोर पुरुषाने चेंडू गोल न करिता लांबट केला आणि पुढील पिढ्यांस तो कोणीकडे उसळेल या घोरात पाडिले, त्यासही आमचा दंडवत असो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी घडले ते लिहितो. हुजुरून आज्ञा जाहली की, लीगकरांपैकी कोणते गडी युनियनकरांत चालतील याचा मजकूर साद्यंत लिहावा. त्यावरून जे डोळ्यांनी पाहिले आणि जे पंगतीत कानी आले ते मांडितो, कमीजास्त असल्यास दोष पंगतीचा. त्यास, रग्बी म्हणोन जो खेळ, त्याचे घराणे मूळ एक. पुढे भाऊबंदकी जाहली. कोणी म्हणतात पैक्यावरून, कोणी म्हणतात मानावरून. भाऊबंदकीस कारण लागते कोठे? मग दोन दौलती जाहल्या. तेरा गडी घेऊन खेळतात ते लीगकर आणि पंधरा गडी घेऊन खेळतात ते युनियनकर. दोहोंचा चेंडू एक, हाताने पुढे फेकू नये हा कायदा एक, आणि शत्रूचे रेषेपलीकडे चेंडू भुईस टेकविला म्हणजे त्यास ‘ट्राय’ म्हणावे हेही एक. फत्ते जाहली तरी नुसता प्रयत्न म्हणवितात, ऐसे ते विनयी लोक. परंतु गडी खाली पडला म्हणजे रीत निराळी. लीगकरांत पडलेल्यास शत्रू सोडून देतात, मग तो उठतो, चेंडू भुईवर ठेवून टाचेने मागे सारितो आणि खेळ पुढे चालतो. युनियनकरांत पडलेल्याने चेंडू तात्काळ सोडावा, आणि मग दोन्ही फौजांनी त्यावर तुटून पडून माणसांचा ढीग करावा, जो ओढील त्याचा चेंडू. आणि खाली जो सापडला त्याचा देव वाली.

युनियनकरांचे महाराज मोठे प्रतापी, परंतु डोंगरापलीकडील राजांनी त्यांस दरसाल सामन्यात धूळ चारावी आणि निशाण घेऊन जावे, ऐसे इतकी वर्षे चालले की आमचे लोक सामन्यास निघताना सांत्वनाचे शब्द पाठ करूनच निघत. मग महाराजांनी खलबत बैसविले आणि पुसिले की, लीगकरांतून कोणी आणावा काय? झाले! फडणीस म्हणाले, ‘वाऱ्यासारखा पळणारा आणावा.’ चिटणीस म्हणाले, ‘ढिगात वारा काय कामाचा? दरवाजासारखी छाती असेल तो आणावा.’ आणि पागेवरले म्हणाले, ‘लाथ ज्याची लांब जाते तो आणावा,’ आणि मग असा गलबला जाहला की दिवे लागले तरी उठेनात. यांपैकी एकानेही जन्मात चेंडू काखेत धरिला नव्हता, पण उचलली जीभ लाविली टाळ्याला, त्यास कोण आवरितो? शेवटी आमच्या पंधरांचे सरदार उदाजीराव खळतकर हात जोडून बोलिले, ‘महाराज, लीगकरांत रखमाजी पानसंबळ म्हणोन आहे. त्याची मिठी पडली म्हणजे माणूस जागचा हलत नाही. शिवाय तो आपल्या निंबाजी तात्यांचा जावई.’ निंबाजी तात्या म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद. उभी हयात ढिगाखाली काढिली, आणि कान चुरमडून कोबीच्या पानासारखे जाहले. ते घाबरून म्हणाले, ‘जावई दिवाळसणापुरता बरा, महाराज. रोजचा जावई परवडायचा नाही.’ परंतु महाराजांची मर्जी बैसली. आज्ञा जाहली की, रखमाजीस आणावे, डोंगरापलीकडच्यांशी चालला तर आपला म्हणावा, न चालला तर नारळ द्यावा.

इकडे लीगकरांचे नाईक हैबतराव यांस हे कळताच ते बहुत तापले आणि रखमाजींस म्हणाले, ‘जायचे तर जा. पण त्या उंबऱ्यापलीकडे पाय टाकलास की हा उंबरा तुला बंद.’ आणि खरेच, दोन्ही दौलतींत तो कायदाच होता. गेलेला गडी परत घेत नसत. रखमाजी हा लहानपणी बापास मुकलेला, लीगकरांचे तालमीतच वाढलेला. तालीम सुटली तर त्यास दुसरे घर नव्हते. घरी येऊन तो उंबऱ्यावरच बैसला. त्याची बायको चंद्राबाई, निंबाजी तात्यांची एकुलती लेक, जिभेची तिखट, ती म्हणाली, ‘जायचे आहे की नाही ते बोला. माझ्या माहेराचे निमित्त करू नका.’ रखमाजी म्हणाला, ‘त्या ढिगाखाली काय असते ते एकदा पाहावेसे वाटते गं.’ ती म्हणाली, ‘काय असायचे? माझा बाप असतो!’ आणि हसत हसत तिने गाठोडे बांधिले. पण निघताना तीही म्हणाली, ‘पाहा हो, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो.’

आता आमच्या लोकांनी जो घोळ घातला तो सांगतो, आणि असा घोळ आम्हीच घालू जाणो. रखमाजी आले ते गावचे जावई होऊन आले. अधिक मास नव्हता, काही नव्हते, तरी सासूबाईंनी अनारसे तळावयास घेतले, आणि आज या घरी जेवण, उद्या त्या घरी जेवण, ऐसा थाट चालला. मग तालमीत काय व्हावे? वस्तादांनी अदबीने पुसावे, ‘जावईबापू, आपण जरा पडता का?’ आणि मग आमचे बैलासारखे गडी, जे एरवी एकमेकांची हाडे मोजितात, त्यांनी येऊन रखमाजींस अशी हळू मिठी घालावी की जणू तान्हे मूल पाळण्यात ठेविले. ढीग करावयाचा, तो कोणी करीना. गावचा जावई, त्याचे अंगावर पाय कोण देईल? सर्व बाजूस उभे राहून म्हणत, ‘उठा, जावईबापू, सावकाश उठा,’ आणि कोणी धूळ झटकी आणि कोणी तांब्या पुढे करी. मग रखमाजी उठत आणि जन्माच्या सवयीने चेंडू टाचेने मागे सारीत, आणि सर्व म्हणत, ‘वाहवा!’ उदाजीरावांनी कपाळास हात लाविला. म्हणाले, ‘तात्या, याला चेंडू सोडायला शिकवा हो. तिकडचे लोक याचे सासरे नाहीत.’ तात्या म्हणाले, ‘खरे आहे. पण जावयास खडसावले तर घरी गेल्यावर बायको मला दारात उभे करणार नाही.’ येणेप्रमाणे सामन्याचा दिवस उजाडला, आणि रखमाजींचे पोट थोडे सुटले, याखेरीज शिकवण काही जाहली नव्हती.

मैदानावर माणूस मावेना. महाराजांची स्वारी आली, डोंगरापलीकडील राजे आले, आणि लीगकरही हैबतरावांसह आले. तोंडाने म्हणत होते, ‘सहज आलो,’ परंतु आपला गडी तोंडावर आपटतो कैसा ते पाहावयास आले, हे लहान पोरासही कळत होते. शिंग वाजले. रखमाजींचे हाती चेंडू आला आणि ते दोघांस चुकवून निघाले आणि तिसऱ्याने पाडिले, आणि मग आमचे गृहस्थ काय करितात? शांतपणे उठू लागले, चेंडू काखेत धरून! शत्रूंस वाटले ही काही नवीन युक्ती, म्हणोन ते क्षणभर बिचकले. आणि यांनी चेंडू भुईवर ठेवून टाचेने सारिला, तो शत्रूने आयता उचलून नेला आणि रेषेपलीकडे टेकविला. पुन्हा तेच. आणखी तेच. जित्याची खोड! आमचे लोक ओरडू लागले, ‘नारळ आणा, नारळ!’ आणि कालपर्यंत ज्यांनी अनारसे वाढिले तेच सर्वांत मोठ्याने ओरडत होते, हेही लिहून ठेवितो.

मध्यंतरी रखमाजी कडेला येऊन मान खाली घालून बैसले आणि चंद्राबाईस म्हणाले, ‘चंद्रे, गाठोडे बांध.’ ती म्हणाली, ‘कोठे जायचे?’ लीगकरांचा उंबरा तर बंद जाहला होता. मी जवळच होतो, त्या माणसाचे तोंड पाहवेना. मग चंद्राबाई जी उसळली ती बापावर. ‘बाबा, पाटावर बैसवून कोणी हा खेळ शिकवितो काय? तुमचा लेक असता तर असे शिकविले असते?’ तात्या म्हणाले, ‘मला लेक आहे कोठे, पोरी?’ ती म्हणाली, ‘हा समोर बसला आहे तो कोण? याला बाप नाही, तुम्हाला लेक नाही, आणि दोघे एकमेकांस अहो-जाहो करीत बसलात!’ तात्यांनी पागोटे काढून भुईवर आपटिले. मान लाल जाहली, मिशा थरथरल्या, आणि मग असा आवाज निघाला की महाराजांचा हत्ती दचकला. ‘अरे रखम्या! गाढवा! पडलास की चेंडू सोड! उठायची कसली घाई तुला? घरी पाहुणे आलेत का? पड, चेंडू मागे ठेव, आणि वर डोंगर कोसळला तरी गप पडून राहा! कळले का?’ सासूबाई किंचाळल्या, ‘अहो, जावयाला!’ चंद्राबाई म्हणाली, ‘आई, तू मध्ये बोलू नकोस.’ आणि रखमाजी उभा राहिला. डोळे भरून आले होते, आणि तोंडभर हसू होते. म्हणाला, ‘होय, बाबा.’

मग काय विचारता! वस्तादांनीच तोंड उघडल्यावर सर्वांस मुभा जाहली. ‘रखम्या, इकडे!’ ‘रखम्या, आडवा हो!’ ‘झोपलास का रे मेल्या?’ ऐसा चौफेर मारा सुरू जाहला, आणि जसजशा शिव्या पडत तसतसा तो गडी खुलत गेला. आमच्या लोकांनी त्याचे अंगावर पाय दिले, गुडघे दिले, ढीग रचिले. बरोबरी जाहली. शेवटी शत्रूंचा एक दांडगा, ज्यास आजवर कोणी अडविले नव्हते, तो चेंडू घेऊन निघाला आणि रखमाजीने त्यास ती लीगकरी मिठी घातली. तो जागीच बसला, आणि हातचा चेंडू निसटला तो उदाजीरावांनी उचलिला आणि रखमाजीकडे दिला. रखमाजी सुटला. रेष हातभर राहिली आणि दोघांनी त्यास पाडिले. त्या क्षणी लीगकर, आपण कोणाचे ते विसरून, बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘ऊठ, रखमा, ऊठ!’ आणि तात्या ओरडले, ‘पडून राहा!’ टाच हलली, मी पाहिली. पण तो उठला नाही. चेंडू दोन्ही हातांनी मागे ठेविला आणि डोळे मिटिले. सारी फौज त्यावर कोसळली, आणि त्या गर्दीतून उदाजीरावांनी चेंडू काढून रेषेपलीकडे टेकविला. फत्ते जाहली! नौबती झडल्या, साखरा वाटल्या, महाराजांनी फडणिसांस मिठी मारिली, मग सावरून सोडिली. ढीग उपसला तेव्हा तळाशी रखमाजी सापडला, एक कान सुजून टम्म, आणि हसतो आहे.

सायंकाळी मोठी पंगत बैसली. महाराजांनी हैबतरावांसह लीगकरांसही मानाने बैसविले. आमचे लोक जुन्या सवयीने रखमाजीसाठी रांगोळी घालू लागले, तो तात्या गरजले, ‘त्याला कशाला रांगोळी? रखम्या, कंबर बांध आणि भात घे वाढायला. पाहुणे खोळंबलेत!’ आणि तो भाताचे ताट घेऊन पंगतीत फिरू लागला. हैबतरावांचे पानापाशी आला तेव्हा त्यांस कढ आवरेना. म्हणाले, ‘रखमा, सासरी वाढप्याचे काम करवितात रे तुजकडून? चल परत. कायदा गेला खड्ड्यात, मी उंबरा उघडतो.’ रखमाजी म्हणाला, ‘नाईक, आज वेळ नाही. घरचे आम्ही मागाहून बसतो. भात घ्या, लाजू नका.’

तात्पर्य, हुजुरांस विनंती ऐसी की, लीगकरांतून कोणता गडी युनियनकरांत चालेल हे त्याच्या पायांवरून, छातीवरून कळत नाही. त्यास नावाने हाक मारून शिव्या देणारे कोणी आहे की नाही, तेवढे आधी पाहावे. फडणिसांचे मत याहून निराळे आहे; ते त्यांनी वेगळे लिहावे.